शेवटचा मुलगा उतरेपर्यंत

"डॉक्टर, बॅग घ्या आणि वर चला. पण पळू नका," ठवकर म्हणाले.

ठवकर म्हणजे आमच्या कुलगुरूंचे स्वीय सहायक. एरवी फोनवरून काम सांगणारा हा माणूस एप्रिलच्या भर दुपारी, डोक्याला रुमालही न बांधता, विद्यापीठाच्या आरोग्य केंद्रापर्यंत चालत आला होता.

"काय झालं?"

"मॅडमना जरा बरं नाही. वाटेत कुणी विचारलं तर सांगा, रोजचं बीपी बघायला चाललेय म्हणून."

मॅडमना बीपी नव्हतं. मी बॅग उचलली.

विदर्भाच्या पूर्वेकडच्या टोकाला, गावाबाहेरच्या मुरमाड टेकडीवर आमचं विद्यापीठ होतं. मी तिथे वैद्यकीय अधिकारी म्हणून लागले त्याला फार दिवस झाले नव्हते. त्या वर्षी टेकडीवरच्या दोन्ही विहिरी आटल्या, टँकर येईनासे झाले, आणि ऐन परीक्षेत वसतिगृहं रिकामी करण्याचा आदेश निघाला. मुलांनी आधी निवेदनं दिली, मग घोषणा दिल्या, आणि त्या दिवशी सकाळी प्रशासकीय इमारतीचा दुसरा मजला व्यापून कुलगुरूंना त्यांच्याच दालनात घेराव घातला. आदेश मागे घेतल्याशिवाय मॅडमना बाहेर पडू द्यायचं नाही, असं ठरलं होतं.

डॉ. इंदुमती नाकाडे त्या वेळी साठीच्या घरात होत्या. याच विद्यापीठात त्या शिकल्या, इथेच वनस्पतीशास्त्र शिकवलं, इथेच विभागप्रमुख झाल्या आणि शेवटी कुलगुरू. इथल्या खुर्चीवर बसलेली पहिली बाई. लग्न केलं नव्हतं. सकाळी फिरायला निघाल्या की वाटेतल्या झाडांची पानं उलटीपालटी करून बघायच्या आणि माळ्याला रोगाचं नाव सांगायच्या. मला त्यांचा थोडा धाकच वाटायचा.

पोर्चमध्ये पोलिसांच्या दोन गाड्या उभ्या होत्या. तिथेच प्र-कुलगुरू डॉ. देशकर आणि एक पोलीस अधिकारी बोलत होते. देशकरांनी मला बघितलं आणि लगबगीने पुढे आले.

"मॅडमची तब्येत बिघडली का?"

"बीपी बघायला चाललेय, सर."

"हे बघा, जरा जरी काही वाटलं तरी मला ताबडतोब कळवायचं. इथे सगळी तयारी आहे."

"डॉक्टर, तुमच्या एका शब्दावर थांबलोय आम्ही," अधिकारी म्हणाला.

मला बरं वाटलं. वर काही झालंच तर खाली मदत उभी आहे, असं मी समजले.

जिना अरुंद होता, जुन्या दगडी इमारतीतला. पायरीपायरीवर मुलं-मुली बसलेली. मला वाट द्यायला कुणी गुडघे आखडून घेत होतं, कुणी भिंतीला चिकटत होतं. वरची गॅलरी तर गच्च भरलेली, आणि तिचा कठडा जेमतेम मांडीएवढा. काही मुलं त्यावरच बसून घोषणा देत होती. खाली फरसबंद अंगण. मी नजर काढून घेतली.

दालनाच्या दारात दुर्गा मडावी उभी होती. ती एम.ए.च्या वर्गातली, या आंदोलनाची पुढारी. लहान चणीची, सावळी, सकाळपासून ओरडून आवाज बसलेला.

"कायले चालल्या डॉक्टर मॅडम?"

"बीपी बघायला."

"मागच्या वर्षी एका साहेबाच्याबी छातीत दुखलं होतं घेरावात. ॲम्ब्युलन्समधून गेले, अन् संध्याकाळी बाजारात आंबे घेताना दिसले." ती बाजूला झाली. "जा. पण लवकर या."

मॅडम टेबलामागे ताठ बसल्या होत्या. वीज गेलेली, पंखा बंद. पण त्यांच्या कपाळावरचा घाम उकाड्याचा नव्हता. चेहरा राखेसारखा झाला होता. डावा हात त्यांनी मांडीवर ठेवला होता, आणि दुसऱ्या कुणाचा असावा तसा तो निपचित पडला होता.

"केव्हापासून?" मी हळूच विचारलं.

"सकाळी थोडं होतं. आता जास्त आहे. ॲसिडिटी असेल."

"हात दुखतोय?"

"जबडाही."

मी नाडी धरली. मधूनच एखादा ठोका चुकत होता. बीपी थोडं उतरलं होतं. मी जिभेखाली गोळी ठेवली, ॲस्पिरिन पाण्यात विरघळवून पाजलं. माझ्याकडे यापलीकडे काहीच नव्हतं.

"मॅडम, हा हार्ट अटॅक आहे. तुम्हाला आत्ता, या क्षणी नागपूरला न्यायला हवं. मी खाली कळवते."

त्यांनी उजव्या हाताने माझं मनगट पकडलं. पकडीत जोर नव्हता, पण मी थांबले.

"खाली कोण आहे?"

"देशकर सर आहेत, पोलीस आहेत. सगळी तयारी आहे म्हणाले."

"तयारी." मॅडमनी डोळे मिटले. "म्हणून तर मी उठत नाहीये."

मला काही उमगलं नाही. एवढ्यात टेबलावरचा इंटरकॉम वाजला. ठवकरांनी उचलला आणि माझ्यापुढे धरला. पलीकडे देशकर होते.

"बोला डॉक्टर. कशी आहे तब्येत?"

मॅडम माझ्याकडे बघत होत्या. त्यांनी मान हलवली नाही की काही खुणावलं नाही. नुसत्या बघत होत्या.

"तपासतेय, सर. अजून पूर्ण व्हायचंय," मी म्हणाले.

"सिरीयस आहे का, एवढं सांगा."

"सांगते, सर. थोड्या वेळात."

फोन ठेवला तेव्हा माझ्या ब्लाउजची पाठ ओली झाली होती. बाईंना इथे काही झालं तर पहिला प्रश्न मलाच विचारतील. तुम्ही समोर होतात, तुम्हाला कळलं होतं, तुम्ही सांगितलं का नाही?

"मॅडम, मी फार वेळ खोटं बोलू शकत नाही."

"बोलू नका. त्या मुलीला आत बोलवा."

"तिला वाटेल नाटक आहे."

"तिला डोळे आहेत ना? बोलवा."

दुर्गा आली ती कपाळाला आठ्या घालूनच. टेबलासमोर येऊन तिने मॅडमच्या चेहऱ्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे. आठ्या विरल्या.

"माझी आजी गेली तवा अशीच दिसत होती," ती एकदम म्हणाली, आणि लगेच ओठ चावला.

"बस," मॅडम म्हणाल्या. "सकाळपासून तुम्ही ओरडता आहात आणि मी समजावते आहे. कुणीच कुणाचं ऐकलेलं नाही. तुझं म्हणणं मला नीट सांग. थोडक्यात सांग, मला दम लागतो."

"मॅडम, तुमी आधी दवाखान्यात..."

"सांग."

दुर्गा खुर्चीच्या काठावर टेकली. "माझं गाव नदीपल्याड आहे. तालुक्यापर्यंत एसटी, पुढं चालत. दोन पेपरांच्या मधात जाऊन येता येत नाई. माझ्यासारख्या लय पोरी आहेत. हॉस्टेल बंद झालं तर पेपर सुटतील. वर्ष गेलं तर घरचे पुन्हा पाठवत नाईत, लग्न लावून देतात."

"विहिरीत पाणी नाही, दुर्गा. आदेश मागे घेतला तरी पाणी येणार नाही. मुलं आजारी पडतील. मी आत्ता घाबरून हो म्हटलं तर ते खोटं ठरेल."

"पाणी नाई हे समजते मॅडम. आमच्या गावालेबी नाई. पण पाणी इथं नाई, तर पेपर इथंच कायले?"

"म्हणजे?"

"तालुक्या-तालुक्याले कॉलेजं आहेत. ज्याला जे जवळ त्यानं तिथं बसून पेपर द्यावा. आमी निवेदनात हेच लिहिलं होतं."

मॅडमना पुन्हा कळ आली. कळ आली की त्या श्वास रोखत आणि ओठांवर पांढरी रेघ उमटे. ती ओसरल्यावर त्या ठवकरांकडे वळल्या.

"हे माझ्यापर्यंत का आलं नाही?"

ठवकरांनी खाली बघितलं. "देशकर सर म्हणाले, प्रशासकीयदृष्ट्या शक्य नाही, मॅडमना त्रास देऊ नका."

"परीक्षा नियंत्रकांना फोन लावा."

फोन लागला. मॅडमनी आवाज सारखा केला. कुठून आणला तो आवाज, मला कळलं नाही. दीक्षान्त समारंभात बोलायच्या तसा स्वच्छ आवाज.

"कुलगुरू बोलतेय. वसतिगृहातल्या मुलांची परीक्षा त्यांच्या जवळच्या महाविद्यालयात घ्यायची. होय, सगळे उरलेले पेपर. अडचणी मला ठाऊक आहेत. तुम्ही विभागीय केंद्रांवर प्रश्नपत्रिका पाठवताच ना? मग तशाच पाठवा. तासाभरात फलकावर लावा आणि वर्तमानपत्रांना कळवा. एक मिनिट, इथे एक विद्यार्थिनी आहे, तिला एकदा सांगा."

रिसीव्हर दुर्गाच्या कानाशी गेला. तिने ऐकलं, "हो सर, हो सर" म्हणाली, आणि रिसीव्हर परत देताना म्हणाली, "लिहून द्या मॅडम. पोरं माझ्या तोंडाच्या शब्दावर उठणार नाईत."

मॅडमनी पेन उचललं. कागदाला टेकवलं आणि ते बोटांतून गळून पडलं. त्यांनी पुन्हा उचललं नाही.

"हात चालत नाही गं, सहीसुद्धा होणार नाही. तुला माझ्या शब्दावर जावं लागेल."

दुर्गाने डोळ्यांवरून पदर फिरवावा तशी ओढणी फिरवली. "मी पोरांना सांगतो, मॅडमना अटॅक आलाय, रस्ता द्या. लगेच देतील."

"नाही!" मॅडम ताडकन म्हणाल्या आणि त्याने त्यांना धाप लागली. "आजाराचं एक अक्षर बाहेर बोलायचं नाही. तू म्हणशील ते कारण सांग. पण आधी तुम्ही सगळे खाली जायचं, वसतिगृहात जायचं. शेवटचा मुलगा उतरला की मी निघेन."

"मॅडम, हे चालणार नाही," मी आवाज चढवला. "एकेक मिनिट गेलं की हृदयाचा तेवढा भाग मरतो. मी तुम्हाला आत्ता नेणार."

"डॉक्टर, मी तुमची पेशंट आहे. पण इथली कुलगुरू अजून मीच आहे." मग त्यांचा आवाज उतरला. "तुम्हाला नंतर सांगेन. आत्ता माझ्याजवळ बसा."

दुर्गा बाहेर गेली. ठवकरांना मी ॲम्ब्युलन्स मागच्या ग्रंथालयाच्या बाजूला, भोंगा न वाजवता, आणायला सांगितलं. मग मॅडमशेजारी खुर्ची ओढून त्यांचं मनगट धरून बसले.

बाहेरचं सगळं ऐकू येत होतं. दुर्गाचा बसका आवाज, मग मोठा गलका. "आदेश मागे घेतला का?" "लेखी कुठं आहे?" "फसवून आली!" मग एका मुलाचा आवाज, सगळ्यांच्या वर: "दुर्गे, आत काय मिळालं तुले?"

माझ्या बोटांखाली नाडी अडखळली, थांबली असं वाटलं, पुन्हा लागली.

"पेपर आपल्या तालुक्याले होणार आहेत," दुर्गा सांगत होती. "मी माझ्या कानानं ऐकलं. मी खोटी ठरले तर उद्या माझं तोंड काळं करा. पण आज उठा. ज्याले उठायचं नसंल त्यानं आधी मले उचलून खाली फेका, मंग बसा."

पुन्हा गलका. कुणी शिवी दिली. कुणी रडतंय असंही वाटलं. मॅडम मान कलती करून, एखाद्या रोपाला पाणी लागतंय का ते बघावं तशा, ऐकत होत्या. कळ आली की माझी बोटं दाबायच्या. मग पहिली पावलं वाजली. चपलांचा घसटता आवाज जिन्यावरून उतरू लागला, आधी थोडा, मग दाट.

"उठले," त्या म्हणाल्या.

इंटरकॉम वाजत राहिला. आम्ही कुणी उचलला नाही.

त्यांचे ओठ निळसर पडू लागले होते. मी दुसरी गोळी देऊ की नको अशा घोळात होते. बीपी आणखी खाली गेलं तर? मनात एकच चाललं होतं: उचल, या बाईला उचल आणि पळ. का थांबली आहेस?

"झाले का?" त्यांनी विचारलं.

ठवकर दारातून म्हणाले, "गॅलरीत थोडी मुलं आहेत अजून."

"मग थांबा."

"मॅडम, थोडीच आहेत..."

"थांबा."

शेवटी दुर्गा दारात आली. "कुणी नाई आता," म्हणाली. त्यासरशी मॅडमचं अंग सैल पडलं, पाठीचा कणा कुणी काढून घ्यावा तसं.

आम्ही त्यांना खुर्चीसकट उचललं. ठवकर, दोन शिपाई आणि एका बाजूने दुर्गा. मी पुढे. पहिल्या मजल्याच्या वळणावर खालून बूट वाजले आणि पोलिसांची रांग वर येताना दिसली. डोक्यावर शिरस्त्राणं, हातात ढाली, काठ्या. मागे देशकर. मुलं एकाएकी का उतरली हे न कळून ते वर बघायला निघाले असावेत. खुर्ची बघून देशकर जागच्या जागी थिजले.

"डॉक्टर! ही अशी अवस्था, आणि तुम्ही मला सांगितलं नाही? सांगितलं असतं तर मी केव्हाच परवानगी दिली असती!"

"कसली परवानगी, सर?"

देशकरांनी अधिकाऱ्याकडे पाहिलं. अधिकाऱ्याने नजर वळवली. मी त्या काठ्यांकडे पाहिलं, मग त्या अरुंद जिन्याकडे. थोड्या वेळापूर्वी याच पायऱ्यांवर मुली गुडघे आखडून बसल्या होत्या. वर तो मांडीएवढा कठडा.

"बाजूला व्हा," मी म्हणाले. ते भिंतीला लागून उभे राहिले.

नागपूरला पोचेपर्यंत मॅडम शुद्धीवर होत्या, त्यानंतर नव्हत्या. जीव वाचला. पण हृदयाचा मोठा भाग निकामी झाला होता. तिथल्या डॉक्टरांनी मला बाजूला घेऊन विचारलं, "इतका उशीर का केलात?" मी म्हणाले, "गर्दी होती."

मॅडम पुन्हा त्या खुर्चीवर बसू शकल्या नाहीत. मुदत संपायच्या आधीच राजीनामा द्यावा लागला. कार्यभार देशकरांकडे गेला. व्यवस्थापन परिषदेत कुणीतरी म्हणालं, नाकाडे बाई पोरांपुढे झुकल्या. परीक्षा मात्र तालुक्याच्या महाविद्यालयांतच झाली, कारण बातमी छापून आली होती आणि ती मागे घेणं कुणाला परवडणार नव्हतं. दुर्गावर "विकली गेली" हा शिक्का काही दिवस राहिला, खरं कळेपर्यंत. ती पास झाली. पुढे तिच्याच भागातल्या एका कनिष्ठ महाविद्यालयात शिकवू लागली, असं मला ठवकरांनी सांगितलं.

मॅडमना अतिदक्षता विभागातून बाहेर काढल्यावर मी भेटायला गेले होते. त्यांनी पहिला प्रश्न विचारला, "कुणाला लागलं का?"

"नाही. कुणाला खरचटलंही नाही."

त्यांनी मान डोलावली. मला मात्र राग आवरला नाही.

"मॅडम, पोलीस तुमच्या परवानगीशिवाय मुलांना हटवायला वर येऊ शकत नव्हते. मग मुलांना सांगून सरळ निघायचं होतं. वाट लगेच मिळाली असती. हृदय वाचलं असतं तुमचं."

"मी काम करण्याच्या स्थितीत नाही असं तुम्ही म्हटलं, की परवानगी देणारे देशकर. ते सकाळपासून मागे लागले होते, पोलिसांना वर येऊ द्या म्हणून. आणि मुलांना सांगितलं असतं तर एका तोंडातून दुसऱ्या तोंडात, क्षणात खाली पोचलं असतं. मुलं जिन्यावर असतानाच." त्या थांबल्या, श्वास घेतला. "एकदा बघितलंय मी ते."

"कुठे?"

"तिथेच. मी एम.एस्सी.ला होते. असाच घेराव होता. कुलगुरूंच्या छातीत दुखायला लागलं, खरंच दुखत होतं हो, आम्ही वाट करून दिली. त्यांची गाडी फाटकाबाहेर गेली आणि पोलीस जिन्यावर आले. पळायला जागा नव्हती. माझी खोलीतली मैत्रीण, वत्सला, माझ्या शेजारी उभी होती. गर्दीचा लोट आला. मी खांबाला धरलं. ती कठड्यावरून खाली गेली."

नर्स येऊन सलाइन बघून गेली.

"चौकशी झाली. कुलगुरू म्हणाले, मी तर इस्पितळात होतो. खरंच होतं ते. ज्यांनी परवानगी दिली ते म्हणाले, माझ्याकडे चार्ज तासाभरापुरताच होता. तेही खरंच. मी वत्सलाच्या घरी गेले तर तिच्या आईने मला एवढंच विचारलं, त्या वेळी तिथला मोठा माणूस कोण होता? मी म्हटलं, तेव्हा तिथे कुणी नव्हतं."

त्यांनी खिडकीकडे तोंड वळवलं. मला वाटलं झोप लागली असेल, म्हणून मी उठले. तेव्हा त्या तशाच, न वळता, म्हणाल्या,

"परवा मी होते, डॉक्टर."